सेल्फ फिरतो, पण गाडी धरत नाही: चावी आणि इमोबिलायझरचा घोळ कसा शोधायचा

जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, सेल्फ मारायलोय ओ, पण गाडी धरंना. पोरं मागं झोपलीत." गाडी होम मैदानापासून थोडी आत, एका गल्लीत लावलेली. मी विचारलं, मीटरवर गाडी आणि कुलूप किंवा चावी असं चित्र असलेला दिवा आहे, तो काय करतोय? "दिवे लई हायत, कुठला बघू?" त्यानंतर पाच मिनिटांत गाडी चालू झाली. मला घरातून निघावंही लागलं नाही.

होटगी रोडला माझं वायरिंगचं दुकान आहे. सेल्फ, डायनामो, हेडलाइट ही नेहमीची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात चावीच्या दुखण्यांची भर पडली. त्यावरून माझं एक मत झालंय. इमोबिलायझर म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा. ‘इमोबिलायझर गेला’ म्हणून जी गाडी टोचन लावून येते, तिचा इमोबिलायझर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. एकतर त्याला चावीचं बोलणं ऐकू येत नसतं, नाहीतर त्याला पुरेशी वीज मिळत नसते. म्हणून शोध फुकटापासून सुरू करायचा आणि महागाकडे जायचं. दिवा, चावी, सेल, बॅटरी, फ्यूज, कॉइल, स्कॅनर, आणि सगळ्यांत शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक. उलट्या टोकाने सुरुवात करणाऱ्याने गाडी बरी केली तरी तुमचा खिसा आजारी पडतो.

चावी फिरवली की आत काय होतं

एवढं कळलं की निम्मं काम झालं. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक छोटी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती, प्लास्टिकच्या झाकणाआड, तांब्याच्या बारीक तारेची गोल कॉइल बसवलेली असते. चावी ‘ऑन’वर आली की ही कॉइल बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते. चिपला वीज मिळते ती त्यातूनच, आणि त्याच वाटेने ती आपली ओळख परत सांगते. जुन्या चिपा नुसता ठरलेला क्रमांक सांगायच्या. नव्या गाड्यांत गाडी दर वेळी वेगळा प्रश्न टाकते आणि चिप आतल्या गुप्त आकड्याने त्याचं उत्तर काढते. उत्तर जुळलं तर ईसीएम इंधन आणि स्पार्क सोडतो, नाही जुळलं तर नाही. हे सगळं डोळा मिटायच्या आत होतं.

मारुतीवाल्यांना हीच गोष्ट ‘आयकॅट्स’ या नावाने माहीत असेल. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडेही आता साध्या हॅचबॅकलासुद्धा तो कंपनीतूनच येतो.

दारं उघडणारा रिमोट मात्र वेगळा. त्याच मुठीत राहणारा तो दुसरा भाडेकरू. त्याला सेल लागतो आणि तो साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो. त्यामुळे पात्याच्या चावीत रिमोटचा सेल मेला तरी दार चावीने उघडून गाडी बिनधास्त चालू करता येते. उलटही होतं: रिमोट टकाटक चालतो, दारं उघडतात, पण चिप मेलेली असते आणि गाडी धरत नाही. "रिमोट चालतोय म्हणजे चावी चांगली" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

बटण स्टार्टच्या गाडीत गणित थोडं बदलतं. तिथे गाडी आतल्या अँटेनांमधून चावीला हाक मारते आणि खिशातली चावी आपल्या सेलच्या जोरावर रेडिओवरून ओ देते. सेल संपला की ओ येत नाही. पण त्या चावीतही अडीअडचणीसाठी बिनसेलची चिप ठेवलेली असते. तिचा उपयोग पुढे येईलच.

आधी दिवा वाचा

गाडी बंद करून लॉक केल्यावर तो चावी-कुलपाच्या चित्राचा दिवा सावकाश लुकलुकत असेल तर काही बिघडलेलं नाही. चोराला दाखवायला ठेवलेली ती बत्ती आहे. काही जण तिलाच घाबरून दुकानात येतात.

आता चावी ‘ऑन’वर आणा, सेल्फ मारू नका. दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला, तर गाडीने चावी ओळखली. त्यानंतरही गाडी चालू होत नसेल तर दोष इमोबिलायझरच्या माथी मारू नका. इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप, क्रँक सेन्सर, सेल्फचा रिले, काहीही असू शकतं. दिवा भराभर लुकलुकत राहिला किंवा विझेचना, तर चावी ओळखली गेलेली नाही. आणि दिवा मुळीच लागला नाही, तर इमोबिलायझरच्या युनिटला वीजच पोचत नाहीये. सरळ बॅटरी आणि फ्यूजकडे वळा. दिव्याचं चित्र आणि लुकलुकण्याची भाषा प्रत्येक कंपनीची थोडी निराळी असते, म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक एकदा उघडून बघाच. ते पुस्तक बऱ्याच गाड्यांत अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असतं.

दिव्याच्या जोडीला कान लावा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, किंवा धरून एक-दोन सेकंदांत मरतं आणि दर वेळी नेमकं तसंच होतं: इमोबिलायझरच्या अडचणीची ही नेहमीची लक्षणं. काही गाड्यांत तो सेल्फलाच अडवतो, मग चावी फिरवल्यावर मीटर उजळतं पण आवाज शून्य. टक-टक-टक असा बारीक आवाज येऊन मीटरचे दिवे मंद होत असतील, तर ती बॅटरीची रड आहे.

चावी कुलपात फिरतच नसेल तर प्रकार वेगळाच. स्टेअरिंग लॉक अडकलंय. एका हाताने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी हळू फिरवा. जोर लावून पातं वाकवू नका. बटण स्टार्टच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबलाय ना, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’वर आहे ना, हे बघा. ब्रेक दाबून मागचे लाल दिवे लागत नसतील तर ब्रेकच्या पेडलचा स्विच बघायला हवा. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळलंच नाही तर बटण दाबून काही व्हायचं नाही. या स्विचपायी लोक इमोबिलायझर खोलायला निघालेले मी पाहिलेत.

गुच्छातून चावी मोकळी करा

आता गड्ड्याच्या त्या रात्रीची गोष्ट. मी फोनवर सांगितलं, चावी गुच्छातून काढा, एकटी. गुच्छात काय होतं? गाडीची चावी, घरच्या दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी, कपाटाच्या दोन, आणि तुळजापूरहून आणलेलं जाड पितळी किचेन. दुसऱ्या गाडीची चिप कॉइलच्या इतक्या जवळ लोंबत होती की दोघी एकदम बोलत होत्या. गाडीला त्यातल्या एकीचंही नीट कळत नव्हतं. जाड धातू शेजारी असला तरी ते क्षेत्र कमजोर होतं. चावी एकटी लावल्यावर दिवा दोन सेकंदांत विझला आणि गाडीने पहिल्याच फेरीत धरलं.

म्हणजे क्रम असा. गुच्छ सोडवा. धातूचं कव्हर असेल तर तेही काढा. चावी बाहेर काढून गाडी अर्धा मिनिट तशीच राहू द्या. मग चावी ‘ऑन’वर आणून दिवा बघा, विझला तरच सेल्फ मारा. पातं दोन्ही बाजूंनी बसणारं असेल तर चावी उलटी घालूनही बघा. चिप मुठीत एका अंगाला असते, कधी एका बाजूने कॉइलला नीट भिडते आणि दुसऱ्या बाजूने नाही.

मग सगळ्यांत मोलाची तपासणी: दुसरी चावी. तिने गाडी चालू झाली तर दोष पहिल्या चावीत, गाडीला हातही लावू नका. दोन्ही चाव्यांना गाडी सारखाच नकार देत असेल तर दोष गाडीत. एका मिनिटात निम्मी शंका संपते, आणि त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. पण बहुतेकांची दुसरी चावी गावाकडे असते, किंवा कपाटात कुठेतरी, किंवा "बहुतेक पहिल्या मालकाकडेच राहिली".

चावीतच दोष आहे असं ठरलं तर विचारा, चावी पडली होती का, पँटसोबत धुतली गेली का, आणि विशेष म्हणजे कव्हर बदललं का? जुळे सोलापूरहून एक गुरुजी आले होते. आदल्या दिवशी त्यांनी झिजलेल्या चावीला नवं चकचकीत फ्लिप कव्हर घालून घेतलेलं. रिमोट मस्त चालत होता, गाडी मात्र धरून दोन सेकंदांत मरत होती. मी विचारलं, जुनं कव्हर कुठंय? स्कूटरच्या डिकीत निघालं. ते उघडलं तर आतल्या कोपऱ्यात, खडीसाखरेच्या लहान खड्याएवढी, एक काळी पाचर डिंकाने चिकटून बसलेली. तीच चिप. रिमोटची प्लेट तेवढी नव्या कव्हरात गेली होती, चिप जुन्यातच राहिली. काही चाव्यांत ती काचेच्या बारीक नळीसारखी असते, काहींत रिमोटच्या प्लेटवरच बसवलेली. तेव्हा कव्हर बदलताना समोर उभे राहा आणि जुनं कव्हर मागून घ्या. काचेची चिप चिमट्याने दाबू नका, फुटली तर नवी चावीच बनवावी लागते.

सेल बदलणं आणि सेलशिवाय भागवणं

बटण स्टार्टच्या गाडीत ‘चावी सापडत नाही’ असा संदेश आला तर आधी खिशातला मोबाईल आणि चावी वेगळ्या करा. दोन सीटमधल्या मोबाईलच्या वायरलेस चार्जरवर चावी ठेवायची सवय असेल तर ती मोडा. ते चार्जर साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झवर चालतात आणि गाडीची हाक त्याच पट्ट्यात असते. शेजारी लाउडस्पीकर लावल्यावर हाक काय ऐकू येणार? सिगारेट लायटरच्या भोकात बसवलेला स्वस्त चार्जरही काढून बघा.

तरीही नाही झालं तर ती बिनसेलची चिप वापरा. दार उघडायला चावीच्या पोटातून लहान धातूची चावी ओढून काढा. ती कुठे लपवलेली आहे हे आजच बघून ठेवा, पंढरपूरच्या रस्त्यावर पावसात शोधत बसू नका. आत बसून ब्रेक किंवा क्लच दाबा आणि चावीची मूठ स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. काही गाड्यांत चावीनेच बटण दाबायचं असतं, काहींत कन्सोलमध्ये किंवा स्टेअरिंगच्या खाली चावी ठेवायची ठरलेली जागा असते. पुस्तकात एका पानावर चित्रासह दिलेलं असतं. त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

सेल बदलणं सोपं आहे, फक्त क्रमांक तोच हवा. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड. पातळ सेल जाड सेलच्या जागी बसतो, दोन दिवस चालतोही, मग खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो. नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने मूठ उघडा, अधिकची (+) बाजू कुठल्या अंगाला होती ते बघून मगच जुना सेल काढा. नवा सेल ३ व्होल्टचा, वीज मोजायच्या मल्टिमीटरवर २.७ च्या आसपास दाखवत असेल तर बदलायची वेळ झाली. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात चावी डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. सेल लवकर उतरतो आणि रबरी बटणं चिघळतात.

स्मार्ट चावी आता दुचाकीतही आली. होंडाने २०२३ मध्ये ॲक्टिव्हा ‘एच-स्मार्ट’ आणली आणि त्या चावीचाही सेल संपतोच. संपल्यावर स्कूटर कशी उघडायची आणि चालू करायची हे तिच्या पुस्तकातून घरी बसून एकदा करून बघा.

बॅटरी: खरा गुन्हेगार

इथे मी जरा रेंगाळणार, कारण माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक ‘इमोबिलायझर’ केसेस इथेच संपतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, आणि लेड-ॲसिड बॅटरीला सगळ्यांत जास्त मारतं ते ऊन. तिचं आयुष्य मे महिन्यात कमी होतं आणि जीव जातो डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यातल्या एखाद्या पहाटे, सेल्फ जड झाल्यावर. त्या वेळी सेल्फ मारला की व्होल्टेज इतकं खाली बसतं की इमोबिलायझर आणि ईसीएम मध्येच रिसेट होतात. ओळख पटवणं अर्धवट राहतं, दिवा लुकलुकतो, आणि माणूस चावीला शिव्या देतो.

साधा मल्टिमीटर घ्या. डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर १२.६ दाखवला तर बॅटरी भरलेली, १२.४ ठीक, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघा: ९.६ च्या खाली बसत असेल तर बॅटरी दमलेली किंवा टर्मिनल ढिलं. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवा. त्याहून फार कमी असेल तर डायनामो चार्ज देत नाही, आणि उद्या हीच कटकट पुन्हा उभी.

टर्मिनल हाताने पिळून बघा. हाताने हललं तर ढिलं. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी कमीचं (−) टर्मिनल काढा, मग अधिकचं, गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, आणि बसवताना अधिकचं आधी. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड वायरही बघा, तिचा नट गंजलेला असतो.

हे लिहिताना मला माझीच एक जुनी फजिती आठवते. दुकान नवीन होतं. दिवा लुकलुकतोय म्हणून मी एका गाडीचं स्टेअरिंगखालचं सगळं झाकण उतरवलं, कॉइल काढली, तपासली, परत लावली, तीन तास घालवले. शेवटी माझ्या पोऱ्याने बॉनेट उघडून कमीचं टर्मिनल दोन बोटांनी गरागरा फिरवून दाखवलं. गिऱ्हाईक काही बोलला नाही. पोऱ्या मात्र अजून बोलतो.

जंप स्टार्ट करायचा तर क्रम चुकवू नका. लाल वायर मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या कमीला, आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. अधिक-कमी उलटं लागलं तर ज्या ईसीएमला वाचवायला निघालात तोच जळेल. आणि धक्का? बॅटरी जेमतेम असेल तर साध्या चावीच्या मॅन्युअल गाडीला धक्का उपयोगी पडू शकतो. चावी ओळखली जात नसेल तर अख्ख्या गल्लीने ढकललं तरी इंजिन धरणार नाही. बटण स्टार्टच्या गाडीला धक्का देऊ नका, स्टेअरिंग लॉकच राहिलं तर गाडी भिंतीला जाते.

फ्यूज, कॉइल, उंदीर आणि बाहेरची वायरिंग

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. इमोबिलायझर, ईसीएम, बीसीएम (दिवे, दारं सांभाळणारा संगणक), मीटर अशा नावांचे फ्यूज एकेक काढून उजेडात बघा. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घाला. तो लगेच पुन्हा उडाला तर थांबा. कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय, मोठा फ्यूज घालणं म्हणजे आग पोसणं.

कंपनीचं सगळं चांगलं असूनही गाडी अडते तेव्हा मी आधी विचारतो: नंतर काय काय बसवलं? बाहेरचं सेंट्रल लॉक, सायरनवाला अलार्म, जीपीएस ट्रॅकर, मोठा स्टिरिओ. अलार्म आणि ट्रॅकरमध्ये बऱ्याचदा इंजिनची वीज तोडणारा रिले असतो. इग्निशनची वायर सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून तो जोडलेला असतो. आपल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो, पीळ सैल होतो, आणि गाडी दुपारी अडते, संध्याकाळी आपोआप चालू होते. उन्हाच्या वेळेसोबत येणारा-जाणारा दोष दिसला की आधी असले जोड शोधा. पक्का उपाय म्हणजे ते सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) घालणं, किंवा ती वस्तूच काढून टाकणं.

दुसरा शत्रू उंदीर. ज्वारीची पोती असतील, गोठा असेल, किंवा गाडी पंधरा दिवस जागची हलली नसेल, तर बॉनेटखाली टॉर्च मारा. लेंड्या, कापसाचे बोळे, कुरतडलेली वायर. तिसरा शत्रू पाणी: प्रेशरने इंजिन धुतल्यावर किंवा आत पाणी झिरपल्यावर कपलर, म्हणजे वायरींचे खटक्याचे जोड, हिरवे पडतात. कपलर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, कट् आवाज येईपर्यंत परत बसवा.

कुलपाभोवतीची कॉइल घरी काढू नका. तिचा दोष तपासायला सोपा आहे, मल्टिमीटरवर तार अखंड दाखवते की तुटलेली एवढंच, पण ती स्टेअरिंगच्या गळ्यात बसते आणि तिथेच एअरबॅगचं वायरिंग असतं. पिवळ्या रंगाचा कपलर दिसला की हात मागे. बॅटरी सोडून थोडा वेळ थांबून, ज्याला माहीत आहे त्यानेच ते खोलावं.

स्कॅनर लावताना काय विचारायचं

इथवर येऊनही दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनर हवा. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो, पण इमोबिलायझरच्या युनिटशी बहुधा बोलत नाही. तरी काही कोड तिथेही दिसतात. पी०५१३ म्हणजे चुकीची चावी. पी०६३३ म्हणजे चावी ईसीएममध्ये नोंदलेलीच नाही. यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या युनिटशी संपर्क तुटला. यू०१०० म्हणजे खुद्द ईसीएमशी संपर्क तुटला. असा कोड आला की चावी सोडा आणि ईसीएमची वीज, अर्थिंग, वायरिंग बघा. कोड पुसण्याआधी फोटो काढा. "पुसून बघू" म्हणणाऱ्याने पुरावाच पुसलेला असतो.

चांगल्या स्कॅनरवर अजून दोन गोष्टी दिसतात, त्या आवर्जून विचारा. एक, आत्ता लावलेली चावी ओळखली गेली का? दोन, गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत? जुनी गाडी घेताना दुसरा आकडा सोन्यासारखा. तुमच्या हातात दोन चाव्या आणि गाडीत तीन नोंदलेल्या, तर तिसरी कुणाकडे आहे? नको असलेली चावी यादीतून काढता येते.

नवी चावी किंवा चावीची फेरनोंदणी करताना चार गोष्टी पाळा. घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा, कारण काही गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या पुसल्या जातात. बॅटरीला चार्जर लावून काम करून घ्या. मध्येच व्होल्टेज पडलं तर युनिट अर्धवट लिहिलं जातं. गुप्त पिन अंदाजाने टाकू देऊ नका, बऱ्याच गाड्या चुकीच्या प्रयत्नांनंतर ठराविक वेळ कुलूप लावून बसतात. आणि जुन्या बाजारातला ईसीएम "तसाच बसतो" असं कुणी म्हणालं तर विचारा, तो दुसऱ्या गाडीच्या इमोबिलायझरशी जोडलेला आहे, ती जोडणी कोण करणार? बॅटरी सोडल्याने मात्र चाव्यांची नोंद जात नाही. ती कायमच्या स्मृतीत असते, त्या भीतीने बॅटरी बदलणं टाळू नका.

"इमोबिलायझर बायपास करून देतो, कटकटच संपली," असंही सांगणारे भेटतील. माझ्या दुकानात ते काम होत नाही. बायपास केलेली गाडी साध्या तारेने नेता येते, आणि चोरीच्या दाव्यात विमा कंपनीने गाडीची सुरक्षा काढून टाकली होती का असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

चावी हरवली तर

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची तक्रार घरबसल्या नोंदवता येते. नाहीतर जवळच्या ठाण्यात जा. ती पावती, आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत डीलरकडे किंवा कागद तपासणाऱ्या जाणत्या चावीवाल्याकडे जा. जो चावीवाला आरसी न मागता चावी बनवून देतो, तो चोरालाही देत असणार. नवी चावी नोंदवतानाच हरवलेली यादीतून काढून घ्या आणि पुन्हा मोजून दाखवायला सांगा. एक लक्षात ठेवा, यादीतून काढलेली चावी इंजिन चालू करणार नाही, पण तिचं पातं दार अजून उघडतं. चावी पत्त्यासकट हरवली असेल तर कुलपाचाही विचार करा. गाडी चोरीला गेलीच तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा हरवल्याची ती पावती जपून ठेवा.

नव्या गाडीसोबत चावीच्या क्रमांकाची एक छोटी पट्टी मिळते, धातूची किंवा प्लास्टिकची. शोरूमवाला ती चावीलाच लटकवून देतो आणि लोक तशीच वर्षानुवर्षं फिरवतात. चावी हरवली की पट्टीही हरवते. ती आज काढा आणि आरसीच्या फाइलमध्ये ठेवा. दुसरी चावी कपाटात असेल तर महिन्यातून एकदा तिच्याने गाडी चालू करा. तिचा सेल किती जुना आहे हे त्याच वेळी कळेल. होम मैदानाजवळच्या त्या गिऱ्हाइकाची दुसरी चावी मंगळवेढ्याला होती.